उद्या बघू

काचेच्या अलीकडच्या खोलीत दिवा लावायचा नाही, असा नियम होता. दिवा लावला की आरशाची साधी काच होते आणि पलीकडे बसलेल्या पोरांना आपल्याकडे बघणारं माणूस दिसतं. त्यांना तसं आधी सांगितलेलं असायचं, सह्याही घेतलेल्या असायच्या, पण न दिसणारं माणूस दहा मिनिटांत विसरलं जातं. म्हणून थोरली अंधारात बसून, कागदाकडे न बघता टिपणं काढायची. सहा वर्षं ती हेच काम करत होती. तिची कंपनी लोकांची मतं गोळा करून विकायची. एरवी साबण, बिस्किटं, विमा. निवडणूक आली की पुढारी.

त्या दुपारी पलीकडे आठजण होते, सगळे अठरा ते चोवीस वयाचे. प्रत्येकापुढे नंबराची पाटी. नावं विचारायची नाहीत, म्हणजे पोरं मोकळी बोलतात. प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनी त्यांना सांगितलं की इथे बरोबर-चूक काही नाही, व्हिडिओ बघा आणि माणूस खरा वाटतो का तेवढं बोला.

पहिला व्हिडिओ सध्याच्या नगराध्यक्षांचा होता. ते एका टपरीवर बाकावर बसून रिक्षावाल्यांशी गप्पा मारत चहा पीत होते. एक नंबर लगेच म्हणाला, कप रिकामा आहे, भरलेला कप हातात घेऊन कुणी एवढे हातवारे करत नाही. सहा नंबरला प्रश्न पडला होता की साहेब अचानक टपरीवर आले, तर कॅमेरा त्यांच्या आधी तिथे कसा पोचला. सात नंबरच्या मुलीने बुटांवरून हिशेब लावला, गाडीपासून बाकापर्यंत बारा पावलं, त्यापुढे हे बूट गेलेले नाहीत. पोरं हसली. अंधारात थोरलीलाही हसू आलं. या वयाच्या पोरांचं तिला नेहमीच कौतुक वाटायचं. दुधात पाणी किती हे गवळ्याला बोट न बुडवता कळतं, तसं कॅमेऱ्यापुढचं खोटं यांना कळायचं. जन्मापासून ही पोरं कॅमेऱ्यापुढेच वाढली होती.

दुसरा व्हिडिओ तिच्या वडिलांचा होता.

हे तिने कंपनीतल्या साहेबांपासून लपवलं नव्हतं. वडील नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि त्यांच्याच लोकांनी हे काम कंपनीला दिलं, तेव्हा तिने बाजूला व्हायची तयारी दाखवली होती. साहेब म्हणाले होते, माणसं कमी आहेत, तू काचेमागे बस, टिपणं काढ आणि तोंड उघडू नकोस.

व्हिडिओत वडील एका सभागृहात माइकसमोर उभे होते. हातात कागद. आपला धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा होता, दीड वर्षापूर्वी संध्याकाळी क्लासवरून स्कूटरने येताना तो पाइपलाइनसाठी खणलेल्या खड्ड्यात पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला, असं ते वाचून दाखवत होते. खड्ड्याभोवती अडथळे नव्हते, दिवा नव्हता. अशी वेळ दुसऱ्या कुठल्या घरावर येऊ नये म्हणून मी उभा आहे. आवाज सपाट, मीटरचा आकडा वाचावा तसा.

मॅडमनी व्हिडिओ बंद केला. मग दोन नंबर म्हणाला, "पोटच्या पोराच्या मरणाचं कुणी वाचून दाखवतं का?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाच नंबरला खटकलं होतं की डोळ्यांत टिपूस नाही. आठ नंबरचं म्हणणं, रडला असता तर रडला म्हणूनही आपण नावं ठेवली असती. तीन नंबरचा मुलगा सगळ्यांत धारदार होता. तो म्हणाला, मेलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हा मत मागतोय. थोरलीचं पेन थांबलं. मग तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण तिचं काम तेच होतं.

चार नंबरची मुलगी आतापर्यंत काही बोलली नव्हती. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, नखांच्या कडा काळ्या, डोळ्यांवर जाड चष्मा. दुरुस्त केलेला प्रत्येक फोन व्हिडिओ लावून तपासायचा, म्हणजे दिवसभर ती आवाज बंद करून माणसांचे नुसते चेहरे आणि हात बघायची. ती म्हणाली, "दुःख खरं आहे. पण हा माणूस एक ओळ गाळतोय."

मॅडमनी विचारलं, कशावरून. मुलीने व्हिडिओ मागे घ्यायला लावला. "बोट बघा," ती म्हणाली.

वडील वाचताना ओळीखालून तर्जनी फिरवत होते. 'दिवा नव्हता' इथपर्यंत बोट ओळीबरोबर गेलं. मग थांबलं, दोन ओळी खाली घसरलं, आणि त्यानंतर आवाज सुरू झाला.

"मधे काहीतरी लिहिलेलं आहे. त्याला सांगायचं होतं. त्याच्याने वाचवलं नाही."

थोरलीने तेही लिहून घेतलं. लिहिल्यावर 'वाचवलं' या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि उरलेला अर्धा तास तिने काय टिपलं ते तिला नंतर वाचताना लागलंच नाही.

वडिलांनी बावीस वर्षं पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती. दारोदार जायचं, वाकून झाकण उघडायचं, आकडा वहीत उतरवायचा. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, असं ते म्हणायचे आणि किराण्यापासून रागापर्यंत सगळं आधी लिहून काढायचे. धाकटा म्हणायचा, बाबांना ओरडायचं असेल तर आदल्या दिवशी नोटीस येते. गावातलं प्रत्येक न्हाणीघर बघितलेला हा माणूस नगरसेवकपदाला उभा राहिला तेव्हा लोकांनी त्याला घरचा म्हणून मतं दिली. दोनदा निवडून दिलं. त्यांच्या प्रचाराचं बघणाऱ्या माणसाला धाकट्यानेच 'इस्त्री' नाव ठेवलं होतं. कपड्यांवर एक चुणी नाही, आणि कुठलाही गुंता पुढे ठेवा, हा त्यावरून हात फिरवून तो सपाट करणार.

धाकटा गेल्यावर घरात त्याच्यावरचं बोलणंच थांबलं. आई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जायची, सकाळी नऊला जायची आणि सहाला यायची, आणि मधल्या वेळात काय होतं ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

थोरली त्या दिवशी लवकर घरी आली. आई यायची होती. वडील मागच्या खोलीत चष्मा लावून मतदारयाद्या चाळत बसले होते. तिने पर्स खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "बाबा, त्या कागदावर 'दिवा नव्हता'च्या खाली काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढून यादीवर ठेवला. मग विचारलं, कुणी सांगितलं. ती म्हणाली, एका मुलीने ओळखलं. त्यांनी वही काढली, त्यात घडी करून ठेवलेला कागद काढला आणि तिच्याकडे दिला. दोन ओळी होत्या. 'चार वाजता मुकादमाचा फोन आला होता. मी म्हणालो, राहू दे, उद्या बघू.'

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पाइपलाइनचं काम त्यांच्याच वॉर्डात, त्यांनीच मागे लागून आणलेलं. रविवारी नव्या नळाला पाणी सोडायचा कार्यक्रम ठरलेला. गुरुवारी चारला मुकादमाने विचारलं, की अडथळे आणि दिवे दुसऱ्या कामावर गेलेत, तर आजच्यापुरता खड्डा मातीने बुजवू का. बुजवला असता तर पुन्हा उकरण्यात एक दिवस गेला असता. साडेसातला धाकटा त्या रस्त्याने आला. पुढे चौकशी झाली, ठपका ठेकेदारावर आला आणि ठेकेदाराने तो मुकादमावर ढकलला. मुकादमाची नोकरी गेली. त्याने फोनची गोष्ट कुणाला सांगितली नाही. "पोरगं गेलेल्या माणसाकडे कसं बोट दाखवायचं, असं त्याला वाटलं असेल," वडील म्हणाले. "आणि मी ते वाटू दिलं."

थोरलीला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. ती म्हणाली, "आईला सांगा. आधी आईला."

वडिलांनी मान डोलावली. आणि मग तिच्यातली सहा वर्षांची सवय बोलून गेली. "आणि बाहेर सांगायचं झालं, तर कागद नको."

हे दुसरं वाक्य आपण का बोललो, हे तिने पुढे स्वतःला किती वेळा विचारलं याची मोजदाद नाही.

वडिलांनी आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत ते दोनदा आईला सांगायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. दोन्ही वेळा आईने मागे वळून विचारलं, पाणी हवंय का. दोन्ही वेळा ते हो म्हणाले, पाणी प्यायले आणि बाहेर आले. नवव्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात सभा होती.

थोरली मागच्या दाराशी उभी होती. वडिलांनी खिशातून कागद काढला, त्याकडे बघितलं आणि परत खिशात घातला. माइकपासून जरा लांबच उभे राहून ते बोलायला लागले, त्यामुळे सुरुवातीचे शब्द नीट ऐकूही आले नाहीत.

"...चार वाजता मला फोन आला होता. खड्डा बुजवू की ठेवू, असं विचारायला. मी म्हणालो, उद्या बघू." इथे ते थांबले. पुढचं वाक्य सापडत नसल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले. "चौकशीत हे आलं नाही. मी सांगितलं नाही म्हणून. एका माणसाची नोकरी गेली. मला मत द्या, असं मी आज म्हणणार नाही. हे कुठेतरी बोलायला हवं होतं."

आणि ते खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत. पायरी चुकून ते जरा धडपडले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलाने उठून त्यांचा दंड धरला. थोरलीने सभागृहाकडे बघितलं. पन्नास-साठ फोन वर धरलेले होते आणि एकही हात खाली यायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला होता. कारखान्यात आईच्या शेजारच्या मशीनवर एक नवीन मुलगी बसायची. तिने चांगल्या मनाने फोन आईपुढे धरला आणि म्हणाली, काकू, काका किती खरं बोललेत बघा. आईने तो सगळा बघितला. फोन परत दिला. मशीनवर एका शर्टाची कॉलर अर्धी झाली होती, ती पूर्ण केली, धागा कापला, मशीनवर झाकण घातलं आणि ती घरी आली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच अर्ध्या दिवशी उठली होती.

बाहेरच्या खोलीत वडील, इस्त्री आणि चार कार्यकर्ते बसले होते. सारखे फोन वाजत होते. थोरली चहाचे कप गोळा करत होती. आई दारात उभी राहिली तसे कार्यकर्ते उठले. इस्त्री म्हणाला, वहिनी, साहेबांनी काल मन जिंकलं सगळ्यांचं. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"अहो," ती वडिलांना म्हणाली, "मला सांगायला तुमच्याकडे दीड वर्ष होतं."

"सांगणार होतो," वडील म्हणाले.

"त्या पोरांना सांगायला चार मिनिटं लागली." मग ती थोरलीकडे वळली. "तुला माहीत होतं?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली. हातात कप होते, ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. आई आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटून घेतलं. त्या दिवसापासून ती वडिलांशी कामापुरतंच बोलायला लागली. दूध आणा. कडी लावा. फोन वाजतोय.

इस्त्रीने थोडा वेळ जाऊ दिला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, साहेब, हे आता सगळ्या सभांतून बोलायचं. वडिलांनी नाही म्हटलं. म्हणाले, ते एकदाच बोलण्यासारखं होतं. इस्त्रीने वाद घातला नाही. नुसतं विचारलं, की कॉलेजच्या पोरांना खरं कळायचा हक्क आहे आणि नदीपलीकडच्या वस्तीला नाही, असं कसं? वडिलांनी वहीत नदीपलीकडच्या सभेची तारीख टिपली. खरं बोलायचं एकदा ठरवलं की ते कितव्यांदा बोलायचं नाही, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

नदीपलीकडे ते पुन्हा अडखळले. तिसऱ्या सभेत जरा कमी. पाचव्या सभेपर्यंत त्यांना कळलं होतं की कुठल्या शब्दावर मंडप गप्प होतो. सगळी रेकॉर्डिंग कंपनीत यायची आणि थोरली ती बघायची. 'उद्या बघू'नंतर ते आता दर वेळी थांबायचे, एकदा डावीकडे बघायचे, एकदा उजवीकडे. आधी ते वाक्य शोधायचे. आता वाक्य त्यांची वाट बघत उभं असायचं.

एका सकाळी चहा पिताना त्यांनी तिला सहज विचारलं, "'उद्या बघू'नंतर थांबतो, ते जास्त होतं का गं?"

"थोडं," थोरली म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपून ठेवलं. थोरली कप घेऊन उठली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने ऐकलं की नाही ते तिच्या पाठीवरून कळलं नाही.

मधल्या काळात इस्त्री मुकादमाकडेही जाऊन आला. त्याला व्यासपीठावर आणायचं आणि वडिलांनी त्याची माफी मागायची, असा बेत होता. मुकादम आता एका गोदामात रखवालदारी करत होता. त्याने इस्त्रीला बसायला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, माझी नोकरी गेली तेव्हा बघायला कुणी नव्हतं, आता कशाला गर्दी जमवता. साहेबांना म्हणावं, यायचं तर एकटे या. इस्त्रीने हा निरोप दिला. वडील म्हणाले, निवडणूक होऊ दे, मग जातो.

मतदानाच्या आधी दहा दिवस तीच आठ पोरं पुन्हा बोलावली. या खेपेला कॉलेजचा व्हिडिओ आणि अकराव्या सभेचा व्हिडिओ असे दोन्ही दाखवले. सातजणांनी भरभरून मार्क दिले. तीन नंबरच्या मुलाने मागच्या वेळचे शब्द मागे घेतले. म्हणाला, स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगायला छाती लागते, माझ्या बापाने आयुष्यात एकदाही सांगितली नाही. कंपनीत आजवर कुठल्याच पुढाऱ्याला एवढे मार्क मिळाले नव्हते.

चार नंबरची मुलगी चष्मा पुसत होती. मॅडमनी तिला विचारलं.

"पहिल्या वेळी त्याला बोलता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता येतंय."

म्हणजे खोटं बोलतोय का, असं मॅडमनी विचारलं. मुलीने विचार केला. "खोटं नाही. सगळं तेच आहे. पण तेव्हा तो त्याच्यासाठी बोलत होता. आता आमच्यासाठी बोलतोय."

मत देशील का?

"देईन. बाकीच्यांना एवढंही जमत नाही."

थोरलीने अंधारात ते सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून अहवाल टाइप करताना ती त्या ओळींपाशी आली. मग त्या टाइप न करताच पुढच्या पानावर गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. सहा वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. ते वडिलांना वाचवायला केलं, की ती ओळ वाचली तर ते पुढच्या सभेत तेवढंही सुधारून घेतील या भीतीने केलं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

वडील निवडून आले. नवख्या मतदारांनी रांगा लावल्या होत्या, त्यातली बहुतेक मतं त्यांना पडली. निकालाच्या दिवशी पोरांनी त्यांना उचलून घेतलं. आईनेही मत दिलं होतं, पण कुणाला ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

नंतरच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, आई पहिल्यांदाच म्हणाली, "मला ती जागा बघायचीय."

ती तिथे कधीच गेली नव्हती. तो रस्ता टाळून वळसा घालून कारखान्यात जायची. थोरली तिला घेऊन गेली. दुपारची वेळ, दुकानं अर्धी बंद. रस्ता नवा झाला होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळा आणि गुळगुळीत. कुठे खणलं होतं त्याची खूण नव्हती. आई विचारत राहिली, इथे का, की त्या खांबापाशी. थोरली त्या रात्री थेट दवाखान्यात गेली होती, तिलाही नक्की माहीत नव्हतं. दोघी रस्त्याच्या कडेने पुढेमागे फिरल्या. शेवटी तिने वडिलांना फोन लावला.

ते दहा मिनिटांत चालत आले, एकटेच. कोपऱ्यावरच्या बंद शटरपासून त्यांनी चालायला सुरुवात केली, खाली न बघता, आणि एका ठिकाणी थांबून बूट टेकवला.

"इथे," ते म्हणाले.

आई तिथे जाऊन उभी राहिली. दोन महिन्यांत ती दोघं एवढी जवळ उभी राहिलेली थोरलीने बघितली नव्हती. वडिलांनी सभेतल्यासारखं डावीकडे-उजवीकडे बघितलं नाही, त्यांचे हात नुसते लोंबत होते. आई खाली वाकली आणि तिने रस्त्यावर तळवा टेकवला.

एव्हाना पलीकडच्या फुटपाथवर कॉलेजची पाच-सहा पोरं थांबली होती. त्यांनी वडिलांना ओळखलं. एकाने मघापासूनच फोन वर धरला होता, मग दुसऱ्यानेही धरला. वडिलांचं लक्ष गेलं. त्यांनी हात वर केला.

"फोन खाली घ्या रे, पोरांनो," ते म्हणाले. "हे तुमच्यासाठी नाहीये." शेवटच्या शब्दावर आवाज फाटला.

पोरं वरमली. बहुतेकांनी फोन खिशात घातले. एकाने घातला नाही.

संध्याकाळपर्यंत तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'खरा माणूस'. कॉलेजच्या भाषणापेक्षा तिप्पट लोकांनी तो बघितला. ज्यांनी वडिलांना मत दिलं नव्हतं तेही आता पस्तावत होते. इस्त्रीचा फोन आला. त्याचा आवाज भरून आला होता, आणि त्याला एवढंच विचारायचं होतं, की ही कल्पना कुणाची. वडिलांनी उत्तर न देता फोन बंद केला आणि ते मागच्या खोलीत जाऊन बसले. मतदारयाद्या अजून तिथेच पडून होत्या.

आई थोरलीच्या खोलीत आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. कारखान्यातल्या मुलीने तो व्हिडिओ पाठवला होता. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"हे पुसता येतं का?"

"नाही गं आई. आता कितीजणांकडे गेलं असेल."

"मग मला तरी त्यातून काढता येईल?"

"नाही."

आईने मान हलवली. थोरलीला वाटलं ती आता उठेल. पण तिने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. एका कोपऱ्यात ती स्वतः वाकलेली दिसत होती, हात खाली जाऊन लगेच वर येत होता.

"डांबर तापलं होतं," ती म्हणाली. "म्हणून पटकन उचलला. हे बघून लोकांना वाटेल, नुसतं दाखवायला टेकवला."

आणि तिने तो परत एकदा लावला.